मोजणी दोनापासून

होडीतून उतरताना, बॅग हातात घेण्याआधी,
तिनं माझा नंबर विचारला.
फोनचा नाही, तिचा भाचा खिएम हसत म्हणाला,
भावंडांत कितवी?
पहिली, मी म्हटलं.
मग तू दोन. हाय.
इथं पहिलं कुणी नसतं.
पहिलं म्हटलं की त्याला न्यायला काहीतरी टपून बसतं.

ती स्वतः बाय, म्हणजे सात, सहावं अपत्य.
माझ्या आजोळी, मालवणाकडे,
अंगणात उभ्या कुठल्याही बाईला बाय म्हणतात,
हे खिएमला नीट पोचवता आलं नाही.
तिला एवढंच कळलं की माझ्या गावात
सगळ्याच बायका सहाव्या.
"त्या आयांचं काय होत असेल," ती म्हणाली
आणि माझ्या ताटात मासा उलटा केला.

दोन रात्रींसाठी आले होते.
दुसऱ्या सकाळी एका बांबूच्या पुलावर,
ज्यावरून शाळेची पोरं सायकल खांद्यावर टाकून जातात,
मी मधोमध थांबून खाली बघितलं
आणि मग खालीच गेले.
घोटा सुजला.
त्यावर आलं आणि तांदळाची दारू.
मुक्काम नऊ दिवस.

पाय लांब करून बसायचे रांजणांच्या रांगेशी,
समोर कालवा, दिवसातून दोनदा मन बदलणारा.
सकाळी जलपर्णी समुद्राकडे निघालेली,
दुपारी तीच, जांभळा तुरा सांभाळत, परत.
निघालं म्हणजे पोचलंच पाहिजे
असं तिथं कुणाला वाटत नव्हतं.

बाय पहाटे बोट बुडवून पाणी जिभेला लावायची.
यंदा माघातच खारटलं, म्हणायची,
थुंकायची,
आणि बागेच्या पाटाची फळी खाली सोडायची.

संध्याकाळी खिएम आकडे शिकवायचा:
हाय, बा, तू, नाम, साऊ, बाय.
मला ते मोजल्यासारखं वाटायचंच नाही.
कुणीतरी काठावरून कुणाला तरी
हाका मारतंय असं वाटायचं.

सातव्या दिवशी लंगडत होडीबाजारात.
ज्याला जे विकायचं ते उंच काठीला टांगलेलं:
अननस, भोपळा, रताळी.
दोरीवरचे कपडे टांगलेले, पण विकाऊ नाहीत.
एका काठीला नुसतं झावळीचं पान.
होडीच विकायची आहे त्यांना, खिएम म्हणाला.
बायनं तिकडे बघितलं नाही,
ती कांदे निवडत राहिली, फार वेळ, एक किलोसाठी.

परतताना त्यानं इंजिन मंद केलं.
थोरल्या मामानंही एकदा असंच पान बांधलं होतं.
गिऱ्हाईक आलं नाही.
मग एका रात्री त्याच होडीतून तोच गेला,
समुद्राच्या बाजूला.
देव्हाऱ्यात आजी आहे, आजोबा आहेत, नाममामा आहे,
त्याचा फोटो नाही.
तिथी ठाऊक नाही, मग उदबत्ती कुठल्या दिवशी लावणार?

माझ्या जिभेवर आलं होतं
की आमच्याकडे अशांसाठी एक अमावस्या असते,
ज्यांची तिथी हरवली त्या सगळ्यांची मिळून.
पण ते सांगायचं म्हणजे
आधी तो गेला असं म्हणावं लागलं असतं,
आणि ते या घरात चाळीस वर्षांत
कुणी म्हटलं नव्हतं.
मी पाण्यात हात घातला. कोमट होतं.

त्या संध्याकाळी मी पलीकडच्या काठावर,
नव्या सिमेंटच्या पुलावरून, हळूहळू, गेले होते.
भात झाला तशी बायनं हाक मारली:
हाय!
शेजारच्या ओसरीवर जाळं विणणारा म्हातारा थांबला.
त्याच्या मागचं दार उघडलं.
पहिल्या दिवसापासून ती हाक ऐकून
ही माणसं बाहेर का येतात
ते मला आत्ता कळत होतं.

आमच्या आजोळच्या नाही, बापाच्या गावी, घाटावर,
हजेरीला पोरं असंच ओरडतात.
मी ओरडले:
हाय.

पाणी तेव्हा कुठल्या दिशेला वाहत होतं
ते बघायचं राहून गेलं.